सावित्रीच्या पात्रात रुतलेली मोटार

त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. आधी मुलगा गेला, आणि दोन वर्षांनी मुलगी. ती अकरा दिवसांची होती. तिच्या मागे मी देवघरातली समई घासून पालथी घातली ती घातलीच. ह्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. हे महाडला वकिली करत. सकाळी कोर्टाची घाई असे, तरी पूजा स्वतः करू लागले. गंध उगाळताना तांब्या लवंडायचा, देव पुसताना एखादा हातातून निसटायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे आणि उठत नसे. इतकं माझं मन दगड झालं होतं.

त्याच सुमारास बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाची जुनी मोटार ह्यांनी घेतली. कापडी टपाची, हॅण्डल मारून सुरू करायची. तिचं वेड मला लावायचं असं ह्यांनी ठरवूनच टाकलं होतं. संध्याकाळी बिरवाडीच्या बाजूला मोकळ्या माळावर नेऊन ते मला ती चालवायला शिकवत. नऊवारीचा काष्टा आवरून मी चाक धरून बसायची आणि हे शेजारी बसून, "अगं, बाभळीला वाट विचारू नकोस, वळव!" म्हणून हसायचे. गावात यावर पुष्कळ बोललं गेलं. ह्यांच्या कानावर ते जात नव्हतं असं नाही, पण चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघंच निघालो. मागच्या बाकावर राहुटी, स्टोव्ह, तांदूळ-डाळीच्या पुरचुंड्या, सतरंज्या. पोलादपूर मागे टाकून आम्ही डोंगराच्या पोटात शिरलो. पुढे रस्ता असा नव्हताच, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. मोटार धापा टाकायची, मग आम्ही उतरून तिला ओढ्याचं पाणी पाजायचो. जिथे दिवस मावळेल तिथे राहुटी ठोकायची. ह्यांनी केलेल्या पिठल्यात गुठळ्या असायच्या आणि मी त्या मुकाट खायची. किती महिन्यांनी मी त्या रानात पोटभर हसले. तरीही सकाळी हे सूर्याला हात जोडायचे, तेव्हा मी पाठ फिरवून भांडी घासायला बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीसाठी दगड गोळा करताना ह्यांना फुरसं चावलं. उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी. ते जनावर मी पाहिलं. वीतभर लांब, आणि अंगाचा खरखर आवाज करत दगडाखाली सरकलं. ह्यांनी दाताने आणि डाव्या हाताने पंच्याची पट्टी फाडली, मी ती मनगटावर घट्ट बांधली. हे खाली बसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आता मोटार तुलाच न्यायची आहे."

"अहो, मला उतार कुठे येतो? मी माळावरच…"

"येतो. मी शिकवलंय."

राहुटी, भांडी, सगळं तिथेच टाकलं. हॅण्डल मारताना ते दोनदा उलटं फिरून माझ्या हातावर आदळलं. तिसऱ्यांदा मारताना माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं, पण ते भक्तीने नव्हे. "भांडण माझ्याशी आहे ना तुझं? मग ह्यांना का?" असं मी मोठ्याने, रडत ओरडले. वर्षभरात देवाशी बोललेले ते पहिले शब्द. मोटार सुरू झाली.

त्या उतारावरून मी कशी आले ते मला सांगता येणार नाही. हे शेजारी बसून हळू आवाजात "दाब… सोड… आता वळव" सांगत होते. मग सांगणं थांबलं. हात कोपरापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. खाली सावित्रीचं पात्र लागलं. थंडीचे दिवस, पाणी जेमतेम घोट्याएवढं. पण वर जाताना ह्यांनी काठीने तळ चाचपून मोटार पार नेली होती, आणि ती जागा मला काही केल्या आठवेना. मी अंदाजाने घातली. मधोमध मागची चाकं वाळूत रुतली. जोर दिला तशी आणखी खोल गेली. मी उतरले, हातांनी वाळू उपसू लागले. उपसावी तेवढी पुन्हा भरत होती. शेवटी मी पाण्यातच बसले. तेव्हा मनात प्रार्थना नव्हती, रागही उरला नव्हता. एवढंच आलं की आता माझ्या हातात काही नाही.

किती वेळ गेला ठाऊक नाही. पलीकडच्या काठावरून बैलगाडीची करकर ऐकू आली. पेंढ्याची गाडी, हाकणारा पन्नाशीचा माणूस, आणि मागून चालत येणारी त्याची बायको. तिने आधी मोटारीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"फुरसं?" तिने विचारलं. मी मान हलवली.

"रडू नको गो. बैल हायत, निंगंल गाडी."

त्या माणसाने बैल सोडले, नाडा मोटारीच्या पुढच्या कण्याला बांधला. "बाय, तू नुसती दिशा धर," एवढंच बोलून बैलांच्या पुढे उभा राहिला. दोनदा नाडा ताणून सैल पडला. तिसऱ्यांदा मोटार हलली आणि काठाला लागली.

मोटारीत ह्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं. आमची सुरई राहुटीपाशीच राहिली होती, आणि नदीचं पाणी बैलांनी ढवळून गढूळ झालं होतं. त्या बाईच्या गाडीत गाडगं होतं. तिने ते उचललं आणि अर्ध्यावर थांबली. "आमी खालच्या वस्तीवरली हाव," ती म्हणाली. "आमचं पानी तुमाला चालंल?"

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. चवदार तळ्याच्या पाण्यावरून महाडात जे घडलं, त्या दिवशी मी आमच्या घराच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या मनाने. ती बाई त्या दिवशी तिथे होती की नव्हती, मी कधी विचारलं नाही. पण गाडगं धरून थांबलेला तिचा हात पाहिला आणि ती खिडकी लावणारा माझा हात मला दिसला. मी पुढे होऊन गाडगं घेतलं, ह्यांच्या ओठाला लावलं, उरलेलं स्वतः प्यायले. तिने रिकामं गाडगं गाडीत ठेवलं.

"मी येते संगती," ती नवऱ्याला म्हणाली. "वाट हिला ठाव नाय."

तिचं नाव सगुणा. मोटारीत ती पहिल्यांदाच बसत होती. ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन, सुजलेला हात उशीसारख्या केलेल्या घोंगडीवर ठेवून ती वाट सांगत होती: "डावीकडं… तिकडं नको, दरड आलीय… हळू हाक गो, सायबांचं डोकं हालतंय." मध्येच म्हणाली, "काल निंगायचं हुतं आमाला. बैलाच्या पायात काटा मोडला, म्हून ऱ्हायलो." त्या काट्याचा मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. कुणाला काही पटवून द्यायचं नाही. जसं घडलं तसं सांगते.

दिवस मावळायच्या आत महाड आलं. डॉक्टरांनी औषध टोचलं, तीन दिवस रक्त थांबेना, चौथ्या दिवशी थांबलं. अंगठा कायमचा आखडला. सगुणाबाई ह्यांना डॉक्टरांच्या हाती देऊन कधी निघून गेली ते मला कळलंच नाही. एवढी वाट ती चालत गेली असणार.

ह्यांना हिंडता येऊ लागल्यावर आम्ही तिची वस्ती शोधत गेलो. मोटार मी चालवली. तिने नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती. आम्ही मासळी खात नाही हे कळल्यावर ती खजील झाली, मग आम्ही मीठ-मिरचीशी भाकरी खाल्ली, त्या दोघांच्या शेजारी बसून. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिने मला खांद्याला धरून वर उचललं. "ह्ये काय गो? वाटंवर हुतो, म्हून आलो."

महाडात आमच्यावर काही घरं नाराज झाली. वर्षभर हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण सगुणाबाई बाजाराला आली की आमच्या माजघरात बसून चहा घेते, आणि हे आखडलेल्या अंगठ्याने कप धरून तिच्याशी भातपिकाच्या गप्पा मारतात, तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं.

समई मी पुन्हा लावली. माझी मुलं का गेली, याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि आता मी ते मागतही नाही. त्या दिवशी नदीत बसल्यावर माझे हात रिकामे झाले होते, म्हणूनच बहुधा त्यांत ते गाडगं मावलं. संध्याकाळी वात पुढे सारताना एवढंच म्हणते: तू ज्याला पाठवशील, तो मला ओळखता येऊ दे.