गोंड्याची शेपटी

भगवंत इंगळे सुरतेच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं शिपाई होता. डिंडोलीहून सगळ्यांच्या आधी यायचा आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांवरची धूळ झटकायचा. घुबड, मुंगूस, अजगर यांची बोळवण फडक्यावर. वाळवंटातल्या लांब पायांच्या उंदराला मात्र मऊ कुंचला. त्या उंदरावर त्याचा जीव होता. का, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

पुण्याहून वर्षा मॅडम आल्या तेव्हा कळलं, की ही जात जगातून केव्हाच नामशेष झाली. पेंढ्याचा का होईना, हा एकच उरला होता. मॅडम त्यावर पुस्तक लिहीत होत्या. त्यांनी शेपटीला मोजपट्टी लावली आणि टोकाचा झुपका पाहून हरखल्याच. "असा झुपका दुसऱ्या कुठल्याच उंदराला नाही, काका!"

नसणारच. भगवंताला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी कसर लागून शेपटी गळून पडली होती. हाती आला नुसता भुगा. प्रयोगशाळेचे तेव्हाचे सर ओरडतील या धास्तीने त्याने उंदीर डब्यात घालून घरी नेला. त्याची बायको काशीबाई घरबसल्या साड्यांना गोंडे लावायची. तिने तारेवर तपकिरी दोरा गुंडाळला आणि हाताच्या सवयीने टोकाला गोंडाही बांधला. सरांना पत्ता लागला नाही.

आताही गप्प बसलं तर निभावणार होतं. निवृत्तीला तीन महिने उरले होते; बोललं की एकतीस वर्षांच्या नावाला बट्टा. पण मॅडम वहीत लिहू लागल्या आणि त्याला राहवेना. बिचाऱ्याचं जगात एवढंच उरलंय, आणि त्यातही आपल्या घरचा गोंडा?

"मॅडम, ते नका लिहू. ती शेपटी आमच्या घरी बनवेल आहे."

त्याने सगळं सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि विचारलं, "खरीचा फोटो?"

"कोणी काढलाच नाही. जुने सरही वारले."

"मग ती पाहिलेले तुम्ही एकटेच, काका. कशी होती, सांगा."

एकोणीस वर्षं त्याने ती रोज कुंचल्याने पुसली होती. भगवंताने डोळे मिटले. लांबी, रंग, टोक, सगळं आठवून पाहिलं. मॅडम वही उघडून थांबल्या होत्या, आणि त्याला दर वेळी काशीबाईचा गोंडाच दिसत होता.