वेहूरची कट्यार

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कुठल्याही घरात माझ्या साडूंच्या घराइतकी शस्त्रं सापडणार नाहीत, आणि त्या सगळ्या शस्त्रांनी मिळून आजवर एक काकडीसुद्धा कापलेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात ठाकुर्लीला, नोकरी ठाण्यात एका औषधांच्या कंपनीत, हिशेब तपासायची. पन्नाशी उलटलेली, चष्मा जाड, छातीचा घेर माझ्या नववीतल्या विद्यार्थ्याइतका. झुरळ दिसलं की हे सोफ्यावर चढतात आणि आमची मेहुणी झाडू घेऊन येते. सोफ्यावर उभे राहिले की त्यांचं डोकं बरोबर भिंतीवरच्या तलवारींच्या रांगेला लागतं. इतक्या हत्यारांच्या सावलीत इतका घाबरलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

ही हत्यारं आपल्या इतिहासातली असती तर मी मान तुकवली असती. पण ती आहेत एका परग्रहांच्या चित्रपटमालेतली. साडू कॉलेजात असताना तिचा पहिला चित्रपट आला आणि तेव्हापासून हा गृहस्थ पृथ्वीवर फक्त पगारापुरता राहतो. त्या मालेत शेकडो ग्रह आहेत, यानं आहेत, किरणांच्या बंदुका आहेत. त्या सगळ्यांत साडूंना रस नाही. त्यांना रस फक्त हातघाईच्या शस्त्रांत. कोपराला बांधायचं नाकतोड्याच्या तंगडीसारखं पातं, त्याचं नाव तास्कू. झटका दिला की ताठ होणाऱ्या तीन सांध्यांच्या काठीला ग्रेलमा म्हणतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा चहा यायच्या आधी तास्कू आला. मी सोलापूरकडच्या खेड्यातून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. शहरातल्या शिकलेल्या सासुरवाडीत आपलं कसं होईल या धास्तीने इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही गुडघे जुळवून बसलो होतो. समोर एक हिशेबनीस कोपराला प्लास्टिकचं पातं बांधून मला सांगत होता, "मास्तर, हे डाव्या हाताला बांधणं म्हणजे वेहूरवर आईवरून शिवी दिल्यासारखं आहे." वेहूर हा त्या मालेतला एक ग्रह. माझी धास्ती त्या क्षणी गेली आणि परत कधी आली नाही, एवढे उपकार मी त्यांचे मानतो.

मी विज्ञान शिकवतो. म्हणून एकदा त्यांना सरळ विचारलं, की ज्यांच्याकडे प्रकाशाहून वेगाने जाणारी यानं आहेत, ती माणसं भांडताना विळे-कोयते का काढतात? आमच्या गावात बांधावरून भांडणारेसुद्धा आता वकील करतात. साडूंनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "यानात बंदूक चालवली तर भिंतीला भोक पडेल ना, मास्तर. सगळी हवा जाईल." हे त्यांनी असं सांगितलं, जणू मागच्याच आठवड्यात ठाकुर्लीच्या फाटकाजवळ कुणाची तरी हवा गेली होती. मेहुणी आतून म्हणाली, "त्यांना नका विचारू हो काही. आज जेवायचंय आपल्याला."

त्यांचा सगळ्यात मोठा दुर्गुण म्हणजे खरेपणा. माजिवड्याजवळच्या एका मॉलमध्ये त्या मालेच्या भक्तांचा मेळावा होता. दारावरच्या रखवालदाराने पिशवी उघडली, आत तास्कू. त्याने विचारलं, हे काय आहे? दुसऱ्या कुणीही 'खेळणं आहे' म्हटलं असतं आणि पुढे गेला असता. साडू म्हणाले, "शस्त्र." मग काय व्हायचं? त्यांना व्यवस्थापकाच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथेही तो भला व्यवस्थापक परत परत विचारत होता, की काका, खेळणंच आहे ना हे, म्हणा ना हो एकदा. आणि काका म्हणत होते, की तुमच्या दृष्टीने असेल. शेवटी मेहुणीचा मला फोन आला आणि मी शाळेचं ओळखपत्र घेऊन गेलो. मी व्यवस्थापकाला सांगितलं की हे खेळणं आहे आणि हे गृहस्थ निरुपद्रवी आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. साडू घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

बाकीची हत्यारं फोमची नि फायबरची, पण एक मात्र खऱ्या लोखंडाचं होतं. त्याचं नाव ओरिख. वीतभर लांबीची कट्यार. पातं निघतं सरळ, मध्ये एकदा वळतं आणि मन बदलल्यासारखं पुन्हा सरळ होतं. आंबिवलीकडे एक लोहार त्यांनी शोधून काढला होता, आणि एक अख्खा पावसाळा रविवारमागून रविवार त्याच्या भट्टीशेजारी बसून, मोबाइलवर चित्रपट थांबवून थांबवून, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून ती घडवून घेतली. लोहाराने विचारलं म्हणे, साहेब, ह्यानं कापायचं काय? साडू म्हणाले, काहीच नाही. लोहार घण खाली ठेवून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. त्या लोहाराला मी कधी भेटलो नाही, पण त्याच्याबद्दल मला फार जवळीक वाटते. ही ओरिख दिवाणखान्यात मधल्या खिळ्यावर असायची आणि तिला कुणी बोट लावलेलं साडूंना खपत नसे. बोटाच्या घामाने लोखंड गंजतं म्हणायचे. मेहुणीने एकदा फणस फोडायला ती मागितली. साडू उठले, खाली जाऊन फोडलेला फणस विकत घेऊन आले आणि पुढचे कितीतरी दिवस फणसाचा विषय निघाला की गॅलरीत जाऊन उभे राहत.

हेही मी सहन केलं असतं. पण खंडेनवमीला मला ते सहन होत नसे. त्या दिवशी हा माणूस पाट मांडायचा, त्यावर तास्कू, ग्रेलमा आणि ओरिख ठेवायचा, हळदकुंकू लावून झेंडू वाहायचा. आमच्या गावच्या घरी त्या दिवशी पाटावर वडिलांची कुऱ्हाड असायची, आईचं खुरपं असायचं, विळे असायचे. दांडे हाताने झिजून गुळगुळीत झालेले. मी पदवीधर झालो त्या वर्षी आईने माझं पेन त्या खुरप्याशेजारी ठेवलं होतं आणि त्यालाही कुंकू लावलं होतं. त्या पाटावर जागा मिळायला वस्तूने काहीतरी राबलेलं असावं लागतं, एवढं मला कळतं. म्हणून एका खंडेनवमीला मी साडूंना जरा लागेल असंच विचारलं, "यांनी आजवर कुठलं काम केलंय?" ते निरांजनाची वात सारखी करत होते. "अजून नाही," ते म्हणाले. एवढंच. मी घरी येताना बायकोपुढे त्या उत्तराची नक्कल केली. तीही हसली.

पुढच्या वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. मुलगी कल्याणची, हॉल कल्याणचा, म्हणून नवरदेव निघणार होता कल्याणच्या आमच्या फ्लॅटमधून. वडील नाहीत, तेव्हा सगळं मी आणि आईच बघत होतो. आमच्याकडे नवरदेवाला हळद लागली की लोखंड हातात असल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही. हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. आमच्या घराण्याची कट्यार गावाहून मामा आणत होते, आणि मामांची जीप सकाळपासून शीळफाट्याच्या कोंडीत अडकली होती. दर थोड्या वेळाने ते फोनवर सांगत की समोरचा कंटेनर आत्ता हलला. खाली बँड वाजायला लागलेला, नवरदेव मुंडावळ्या बांधून तयार, हॉलवरून मुलीच्या काकांचे फोनवर फोन. मुहूर्त दुपारचा. आधी मारुतीचं दर्शन, मग हॉल. आणि आई दारात आडवी उभी.

मग आमच्या फ्लॅटमध्ये लोखंडाचा शोध सुरू झाला. शहरातल्या घरात लोखंड नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. सुरी स्टीलची, विळी स्टीलची, अडकित्ता पितळेचा. आई प्रत्येक वस्तू हातात घेऊन परत ठेवत होती. शेजारच्या वहिनी धावत जाऊन लोखंडी तवा घेऊन आल्या. आईला तो चालला असता. भाऊ म्हणाला, "दादा, मी तवा घेऊन घोड्यावर बसणार नाही. लग्न मोडलं तरी चालेल." मी आईला समजावलं, की अगं, लोखंड हातात असल्या-नसल्याने काही होत नसतं, मी हेच तर पोरांना शाळेत शिकवतो. आई माझ्यावर रागावली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाच्या हातची कट्यार लग्नाला निघताना वाटंत पडली हुती. परत घ्याया कुणी थांबलं न्हाई, दुसऱ्या दिशी घावली. चाळिशी तरी बघितली का त्यांनी? ह्याला मी तसा धाडायची न्हाई."

आईने हे कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ती हे मनात घेऊन जगत होती आणि मी तिच्या घरातला पहिला पदवीधर होतो. साडू कोपऱ्यात अक्षतांचं ताट धरून उभे होते. त्यांनी ताट मेहुणीच्या हातात दिलं आणि बाहेर गेले. मला वाटलं, बँडवाल्यांना थांबवायला गेले असतील.

ते स्कूटरवरून ठाकुर्लीला जाऊन आले. घामाघूम, टोपी तिरकी, काखेत जुन्या पैठणीच्या तुकड्यात गुंडाळलेली ओरिख. त्यांनी ती उलगडली आणि मी डोळे मिटून घेतले. चारचौघांत, कुलदेवतेच्या नावाने चाललेल्या कार्यात, आता हे वेहूर निघणार. आईने कट्यार हातात घेतली, वजन पाहिलं, पात्यावर नख वाजवलं.

"लोखांड हाय का ह्यात?"

"आहे, आई. ट्रकच्या पाट्याचं."

"लिंबू टोचंल?"

"टोचेल."

ज्या पात्याला आमच्या बोटाचा घाम चालत नव्हता, त्यात साडूंनी स्वतःच्या हाताने लिंबू खोचलं. रस ओघळून मुठीपर्यंत आला. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्या भावापुढे धरली, मान लववली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. ती भाषा मराठी नव्हती, संस्कृत नव्हती, आणि मला चांगलं माहीत होतं ती कुठली होती. आईने पटकन डोक्यावरचा पदर सारखा करून हात जोडले. नंतर मला कौतुकाने म्हणाली, "पाव्हण्यास्नी मंत्र बी येत्यात की."

दाराबाहेर पाऊल पडलं. बँड परत सुरू झाला. मुलीचे काका कल्याणचे जुने जमीनवाले, गळ्यात बोटाएवढी साखळी. हॉलच्या दारात त्यांनी कट्यार निरखून पाहिली आणि म्हणाले, "जुनी दिसतेय. घराण्यातली का?" मी हो म्हणायला तोंड उघडलं, तोवर साडू पुढे झाले. "घराण्यातलीच आहे," ते म्हणाले, "पण आमच्या घराण्यातली नाही." काकांना ते फार भारदस्त वाटलं. जेवणाच्या पंगतीत त्यांनी साडूंना आपल्या शेजारी बसवून घेतलं. मामा पोचले तेव्हा मठ्ठा वाढत होते.

पुढच्या रविवारी मी ओरिख पुसून, त्याच पैठणीच्या तुकड्यात गुंडाळून ठाकुर्लीला गेलो. मनात ठरवलं होतं की मनापासून आभार मानायचे आणि आजचा दिवस काही टोचून बोलायचं नाही. साडूंनी ती हातातच घेतली नाही. म्हणाले, "ओरिख परत घेत नाहीत. थोरल्याने धाकट्याला एकदा दिली की दिली."

"चित्रपटात ना?" माझ्या तोंडून गेलंच.

"वेहूरवर," ते म्हणाले, आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले. मेहुणी मला जिन्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "त्या दिवशी स्कूटर काढण्याआधीच ठरलं होतं त्यांचं. रात्री घरी आल्यावर रिकाम्या खिळ्याला हात जोडले. मीच उगाच हसले."

भाऊ पुढे नोकरीसाठी नाशिकला गेला. हे भाड्याच्या घरात कुठं नेऊ, म्हणून ओरिख आईकडे देऊन गेला. आता ती आमच्या देव्हाऱ्याशेजारी असते. साडूंच्या भिंतीवर मधला खिळा तसाच आहे. दुसरी घडवून घ्या, म्हणून मीच दोनदा सुचवून पाहिलं. ते म्हणाले, तो आंबिवलीचा लोहार भट्टी बंद करून मुलाकडे राहायला गेला. मग तास्कूवरची धूळ पुसत राहिले. त्या मालेचे नवे चित्रपटही हल्ली त्यांना आवडत नाहीत. सगळं बंदुकांवर आलंय म्हणतात.

यंदा खंडेनवमीला ते दोघं आमच्याकडे आले होते. आईने पाट मांडला होता. गावाहून आणलेलं खुरपं, माझं पेन आणि मध्ये ओरिख. पात्यावर जिथे लिंबाचा रस ओघळला होता तिथे गंजाची तपकिरी रेघ उमटली आहे. साडू वाकून ती रेघ बघत होते. मी म्हटलं, पॉलिश करून घेऊ या का? त्यांनी मान हलवली. "राहू दे, मास्तर. कामाची खूण आहे."

मला माझा जुना प्रश्न आठवला. त्यांना आठवला की नाही, कुणास ठाऊक. त्यांनी तसं काही दाखवलं नाही.

ते गेल्यावर आई झेंडूची फुलं सारखी करत बसली होती. कट्यारीवर बोट ठेवून म्हणाली, "ही घडण आपल्याकडची न्हवं. कुठल्या गावची म्हनायची ही?"

खरं काय ते मला सांगता आलं असतं. मी विज्ञान शिकवतो.

"वेहूरची," मी म्हटलं.

"वेहूर," आईने ते नाव एकदा म्हणून पाहिलं. "तकडं कोन पाव्हणं हायती व्हय आपलं?"

"आहेत," मी म्हटलं. "एक आहेत."