पास्काच्या पाण्याची बाटली

आल्बिनाला कुणी विचारलंच नव्हतं. चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपता संपता फादरांनी सेवामंडळाच्या बायकांची नावं वाचली आणि त्यात तिचं नाव होतं.

"मी काय करणार तिथे, फादर?" तिने त्यांना पायऱ्यांवर गाठलं. "औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा मला अडखळत वाचावं लागतं."

"तुझं वाचणं नकोय मला, तुझी सासू हवीय," फादर हसले. "सालोमीबाई वळल्या की अख्खी आळी वळली. आणि त्यांना वळवणं माझ्या हातचं नाही."

ते कुणाच्याच हातचं नव्हतं. सालोमी म्हणजे सुईण. वसईच्या त्या आळीतल्या निम्म्याअधिक माणसांना तिने जन्मतःच उलटं धरून चापट मारलेली, त्यामुळे पुढे मिश्या फुटल्या तरी तिच्यासमोर कुणाचा आवाज चढत नसे. आल्बिनाचा नवरा तिचा एकुलता एक मुलगा. तो बोटीवर खलाशी, आला तर दीड वर्षाने यायचा. बाकी सगळे दिवस घरात या दोघीच.

देश स्वतंत्र झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. सेवामंडळ म्हणजे पगार नाही, मानधन नाही, घरचं खाऊन करायचं काम. कधी बैलगाडीत क्विनाइनच्या गोळ्या नि खरजेचं मलम घालून चिंचोटीपर्यंत जायचं, आणि बाकी रविवारी चर्चच्या हॉलमध्ये बायकांचा वर्ग. वर्ग घ्यायच्या सेलिनबाई. मुंबईच्या इस्पितळात जन्म काढून आता भावाकडे वसईला येऊन राहिलेल्या, आवाजाने पोलीस.

"नाळ कापायचं पातं उकळायचं. दोरा उकळायचा. फडकं उकळायचं. जे उकळलं नाही ते बेंबीला लागायचं नाही."

"आणि नुसती फुंकर मारली तर, बाई?"

"आधी तोंड उकळून ये, मग मार."

हॉलभर बायका खिदळल्या. आल्बिनाही हसली. सेलिनबाई मात्र पुढे बोलतच होत्या. "नाहीतर बाळ आठवडाभर छान असतं. मग एक दिवस दूध ओढायचं सोडतं. जबडा बसतो. अंग कमानीसारखं ताठतं. त्यावर माझ्याकडेही औषध नाही."

आल्बिनाचं हसू तोंडावरच राहिलं. तिचा पहिला मुलगा असाच गेला होता. आठव्या दिवशी, तिच्याच मांडीवर. नजर लागली असं आळी म्हणाली, देवाची इच्छा असं फादर म्हणाले. सालोमी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तोवर तिने कुणापुढे डोळे पुसले नव्हते.

त्या बाळाची नाळ सालोमीनेच कापली होती. आणि मग सगळ्या बाळांना लावायची तसं त्याच्याही बेंबीला पास्काचं पाणी लावलं होतं.

पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, फादर मोठ्या घंगाळातल्या पाण्यावर आशीर्वाद देत. घरोघरच्या बायका बाटल्या भरून नेत आणि ते पाणी वर्षभर पुरवत. ताप आला, लाव बोट. गाय अडली, शिंपड थेंब. सालोमीची बाटली क्रुसाखालच्या कोनाड्यात असे. हिरवी काच, लाकडी बूच, तळाशी गाळ. आल्बिनाने घरी येऊन ती उजेडात धरली. गाळात काहीतरी वळवळलं.

पातं उकळायला सालोमी फार खळखळ न करता तयार झाली. "उकळ बाये. त्याचा रस्सा कर नि भाताबरोबर खा. सेलिनला पोरं झाली असती तर तिला कळलं असतं." पण पातं टाकलं टोपात.

"आणि पास्काचं पाणीही एक उकळी काढून ठेवूया का, आय?" आल्बिनाने शक्य तितक्या सहज विचारलं.

सालोमीने विळी बाजूला सारली. "पास्काचं पानी? चुलीवर?"

"नुसती एक उकळी."

"आशीर्वाद काय पेज आहे, ढवळून शिजवायला? पुन्हा बोललीस तर ते तुझ्या तोंडावर मारीन. तेवढाच तुझा सैतान उतरेल."

मग आल्बिना फादरांकडे गेली. तिथेही आडूनच. "फादर, आशीर्वादाच्या पाण्याने कधी अपाय होतो का?"

फादरांनी पोथी मिटली. "हे कोण म्हणालं? सेलिन?"

"नाही नाही. मीच."

"कारण लोक आधीच कुरकुरतात. सेलिनबाई दवाखाना सांगतात, धर्म मोडतात, असं बोलतात. हे त्यांच्या कानावर गेलं तर वर्गाला एक बाई येणार नाही. तुला तसं काही म्हणायचं नाहीये ना?"

"नाही," आल्बिना म्हणाली.

त्याच आठवड्यात आळीतल्या लूर्डसला कळा सुरू झाल्या. बोलावणं आलं तेव्हा सालोमी धुणं धुवायला विहिरीवर गेली होती. आल्बिनाने कोनाड्यातली बाटली उचलली, अंगणातल्या क्रुसाच्या पायाशी रिकामी केली, राखेने घासली, उकळत्या पाण्याने विसळली आणि सकाळचं उकळून गार केलेलं पाणी तिच्यात भरलं. ओठांवर प्रार्थना होती, पण ती कुणाला नि कशासाठी म्हणावी ते तिला कळेना.

सालोमीने ते पाणी बाळाच्या बेंबीला लावलं, नमो मारिया ही प्रार्थना म्हटली. आठवा दिवस आला नि गेला. लूर्डसचा मुलगा भोकाड पसरून आळी डोक्यावर घेत राहिला.

मग आल्बिना थांबूच शकली नाही, दर बोलावण्याआधी बाटलीत उकळलेलं पाणी भरत राहिली. मुलं जगत गेली आणि नाव झालं बाटलीचं. सेलिनबाईंचं पातं, दोरा, फडकं सगळे विसरले. उमेळ्याहून वाडीवाल्या प्रेमलताबाईंचा माणूस गाडी घेऊन आला, सून द्वारका अडली होती. प्रेमलताबाईंनी देवघरातून तांब्याची लोटी आणली.

"हे आमचं गंगेचं. तुमच्या देवाचंही घाला. दोन्ही असलेली बरी."

"गंगेचं उकळावं लागेल, आई," आल्बिना म्हणाली.

"का? तुमचं उकळलंय?"

"आमचं पास्काचं आहे," सालोमी ताठ मानेने म्हणाली, आणि आल्बिनाने तोंड फिरवून गंगा चुलीवर ठेवली.

दुसऱ्यांना फसवणं एक वेळ जमून गेलं. पण पवित्र वस्तू ओतून देणं, साध्या पाण्याला पवित्र म्हणणं, हे मनात ठेवून वेदीपाशी जाऊन कम्युनियनचा प्रसाद कसा घ्यायचा? ती रविवारी बाकावरच गुडघे टेकून राहू लागली. सगळ्या बायका वेदीकडे जात, ही जात नसे. आळीला डोळे होतेच, जिभाही होत्या.

"नवरा बोटीवर, आणि हिला वेदी वर्ज्य. आता काय समजायचं ते समजा."

"अगं, सेवा करते ती."

"कुणाची, तेच विचारतेय."

सालोमीच्या कानावर हे गेलं तेव्हा तिने त्या बाईला भर बाजारात उभी केली. "तुझ्या आईला मी बाळंत केली. काय निघालं ते पाहून मला तेव्हाच वाईट वाटलं होतं." घरी आल्यावर मात्र तिने सुनेला विचारलं, "का गं जात नाहीस?" आल्बिना म्हणाली, पोट बरं नसतं. सालोमीने तिला ओव्याचा काढा करून दिला. तो कडू काढा ती कित्येक रविवार प्यायली.

असे करता करता पास्काआधीचे उपासाचे दिवस आले. पास्काच्या आत प्रत्येकाने पापनिवेदन करायचंच, त्यातून सुटका नाही. आल्बिना पापनिवेदनाच्या जाळीपाशी गुडघे टेकून बसली आणि तिने सगळं सांगितलं.

पलीकडून फादर म्हणाले, "आशीर्वादाचं पाणी ओतून दिलंस."

"क्रुसाच्या पायाशी ओतलं, फादर. गटारात नाही."

"पश्चात्ताप होतो?"

"होतो."

"मग पुन्हा करणार नाही, असं मनापासून म्हण."

"लूर्डसचे वर्षभरातच दुसऱ्यांदा दिवस भरत आलेत, फादर."

जाळीआड बाक करकरलं. "तू बाहेर येऊन, दिवसाउजेडी हे माझ्याकडे माग. मी पवित्र शनिवारी उकळलेल्या पाण्यावर आशीर्वाद देईन. पण इथे ऐकलेलं मला इथून बाहेर नेता येत नाही. मी आपणहून तसं करू शकत नाही, तुला खुणेने सुचवूही शकत नाही."

"बाहेर येऊन मागितलं तर लोक विचारतील, का?"

"विचारतील."

"मग आयला कळेल तिचा नातू कशाने गेला."

फादर हळूच म्हणाले, "निश्चय नसेल तर मला क्षमा देता येत नाही, बाळ."

ती उठली. रांगेतल्या बायकांनी तिचा चेहरा नीट वाचून घेतला. संध्याकाळी फादर तिला विहिरीपाशी भेटले. "काय आल्बिना, सासूबाई बऱ्या?" नेहमीचंच हसू, नेहमीचाच आवाज. त्यांना काही माहीत असण्याची सोयच नव्हती. पुढच्या रविवारी त्यांनी प्रवचनात सेवामंडळाच्या आल्बिनाबाईंचं कौतुक केलं आणि ते करताना खाली पुस्तकाकडे बघत राहिले.

लूर्डसला अपेक्षेआधीच कळा लागल्या. भरदुपारी बोलावणं आलं आणि घरात गार केलेलं पाणी नव्हतं. आल्बिनाने टोपातलं उकळतं पाणी तसंच बाटलीत ओतलं, वर ओलं फडकं गुंडाळलं. वाटेत गार होईल, तिला वाटलं.

मुलगी झाली. सालोमीने नाळ बांधली, बूच काढलं, तळहातावर पाणी घेतलं. पाणी अजून ऊन होतं. हात तसाच राहिला.

"काय झालं, सालोमीबाय?" लूर्डसची आई पुढे झाली.

"काय नाय."

तिने पाणी बेंबीला लावलं. नमो मारिया सुरू केली आणि अर्ध्यात अडकली. हजारदा म्हटलेले शब्द तिला सापडेनात. लूर्डसच्या आईने ती पुरी केली.

केळीच्या वाडीतून परतताना सालोमी पुढे, आल्बिना मागे. घरची पायरी आल्यावर सालोमी बसली.

"कधीपासून?"

"लूर्डसच्या पहिल्यापासून."

"द्वारकाचं?"

"तेही, आय."

सालोमी एकेक बाळ नावानिशी विचारत गेली आणि आल्बिना होकाराची मान हलवत गेली. मग नावं संपली.

"आनि आपला?"

इतक्या दिवसांत खोटं बोलायची सवय झाली होती. आताही एखादं सापडलं असतं. पण सालोमी तिच्याकडे बघत होती.

"आपल्या वेळी पास्काचंच होतं."

सालोमीने तो हात लुगड्याला पुसला. पुन्हा पुसला. "लोकांना नको सांगू," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाय म्हनत. आळीत किती घरं आहेत अशी, तुला ठाऊक नाय. मला ठाऊक आहेत. त्या बायांना आता कळून काय करतील त्या?"

फादरांकडे दिवसाउजेडी जायची वाटही तिथेच बंद झाली.

काही दिवसांनी शेजारच्या आळीतून माणूस आला. "सालोमीबाय, लवकर चला. आनि ते पानी घ्या."

सालोमी उठली. तिने स्वतःच्या हाताने चूल पेटवली, पातं उकळत टाकलं, आधी उकळून झाकलेल्या मडक्यातलं पाणी पळीने बाटलीत भरलं, मनगटावर थेंब टाकून बघितला, बूच लावलं.

"पास्काचंच ना?" दारातून त्याने विचारलं.

"मग दुसरं कुठलं," सालोमी म्हणाली.

त्या रविवारी कम्युनियनची घंटा झाली. बायका उठल्या. आल्बिना गुडघ्यांवर तशीच राहिली. शेजारी सालोमीही हलली नाही.

"आय, तू जा," आल्बिना कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू दे. गप बस."

मागच्या बाकावरच्या बाईने कोपराने शेजारणीला ढोसलं. रांग दोघींना वळसा घालून वेदीकडे सरकली.