लग्न न करण्याच्या अटीवर

अंधेरीच्या औषधांच्या कारखान्यात लागले तेव्हा एका कागदावर सही घेतली होती. लग्न केलं की नोकरी संपली. पुरुषांना असलं काही नाही, फक्त बायकांना! म्हणे लग्न झालेल्या बायका रजा फार घेतात. मेल्यांना घरी आया-बहिणी नव्हत्या की काय! पण तेव्हा लग्नाचा पत्ता नव्हता, मी झटकन सही ठोकली.

पुढे लग्न ठरलं. हे गिरणीत बदली कामगार, आज काम तर उद्या घरी. माझी नोकरी गेली असती तर खायचं काय? मग लग्न केलं आणि कारखान्यात कोणाला पत्ता लागू दिला नाही.

सांताक्रूझच्या खोलीतून निघताना मंगळसूत्र आणि जोडवी काढून देवापुढे ठेवायची. सासूबाई मालवणच्या. पहिल्या दिवशी कडाडल्या, "गळ्यातला काढतंस? घोव जिवंत आसा ना गो तुझो!" नंतर मात्र काही बोलायच्या नाहीत. मी गळ्याकडे हात नेला की पाठ फिरवून बसायच्या. मला इतकी लाज वाटायची! त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गणपतीत वाट लागली. गौरीपुढे सुपं ओवाळायची होती, लग्नानंतरचा माझा पहिला ओवसा, नवी नवरी म्हणून नटवलेलं. दुसऱ्या दिवशी धावतपळत कामावर गेले. पॅकिंगच्या खोलीत चपला बाहेर काढून कारखान्याच्या सपाता घालायच्या. वाकून बघते तर काय, जोडवी तशीच! आणि समोर आमच्या सुपरवायझर बाई.

बाई चाळिशीच्या, बिनलग्नाच्या. वडील गेल्यावर भावंडांना त्यांनीच वाढवलं. माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

"काढ ती," हळूच म्हणाल्या. "साहेब येतायत. कधी झालं?"

"वैशाखात."

"बरं." एवढंच. कोणाला सांगितलं नाही त्यांनी.

काही वर्षांनी युनियननं भांडून ती अट काढायला लावली. दुसऱ्या दिवशी बघावं तर आमच्यातल्या चारपाच जणी मंगळसूत्र घालून हजर! मला वाटलं होतं, मीच एक शहाणी. हसून हसून पोट दुखलं. पेढे आणले, पहिला पेढा घेऊन मी बाईंकडे गेले.

"बाई, तुम्ही तेव्हा सांभाळून घेतलंत म्हणून..."

"एक जण बरीच वर्षं थांबला होता गं माझ्यासाठी," त्या पेढ्याकडे बघत म्हणाल्या. "भावंडं मोठी झाल्यावरसुद्धा. पण मी सही केली होती ना. लपवून करता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.