भूगोलाचे सर आणि मुलांचा देश

तलासरीच्या शाळेतून माझी बदली झाली, तरी भूगोलाचे सर आठवतात. ते घोलवडहून यायचे, डब्याबरोबर सगळ्यांसाठी चिकू आणायचे आणि बोलताना मध्येच गुजराती वळणानं 'बरोबर ने?' म्हणायचे. उत्तराची वाट मात्र बघायचे नाहीत.

शाश्वत विकासाची उद्दिष्टं शिकवताना त्यांनी सातवीला एक काल्पनिक देश बनवायला लावला. मुलांनी मातीचे डोंगर केले, निळ्या कागदाच्या स्वच्छ नद्या केल्या, पुठ्ठ्याचे सौरदिवे उभे केले. एक मुलगी मात्र घरांसमोर मातीची माणसंच मांडत बसली होती.

"एवढी माणसं कशाला गं?" सरांनी विचारलं.

"सर, या देशात दिवाळीनंतर कोणी वीटभट्टीवर जात नाय. सगळी घरीच."



दिवाळी झाल्यावर सर मला घेऊन तिच्या पाड्यावर गेले. आईवडील भट्टीवर जायला गाठोडी बांधत होते. सर अंगणातच बसले.

"तुम्ही जा, पण पोरीला आमच्याकडे ठेवा. घरात माझी आई आहे, बायको आहे. शाळेत मी नेईन, मी आणीन."

शेवटी आईनं एक गाठोडं सोडलं आणि मुलीचे कपडे बाजूला काढले.

होळीला आईवडील आले, तेव्हा ती वर्गात पाढे म्हणत होती. पण मला दिवाळीनंतर पाड्यावरून तिला आणलं, तो परतीचा प्रवासच जास्त आठवतो. रिक्षात ती घोलवडपर्यंत रडली. एरवी अखंड बोलणारे सर तिच्या शेजारी तिचे कपडे मांडीवर घेऊन गप्प बसले होते.