तिसऱ्यांदा रक्त देणारा

कसबा बावड्यात सोड्याची गाडी लावणारा तो गृहस्थ आमच्या प्रयोगशाळेत स्वखुशीने रक्त द्यायला येई. शरीर अत्यल्प वायू तयार करून रक्तवाहिन्यांना निरोप धाडते; तो वायू मोजण्याचे थोर कार्य माझ्याकडे होते. दोनदा यंत्राने शून्य दाखवले. तुमच्या रक्तातच काही कमी आहे, असे मी त्याला तज्ज्ञाच्या गांभीर्याने सांगितले. धास्तीने त्याने आठवडाभर गाडीच लावली नाही.

तिसऱ्या वेळी तो कोपरावर कापूस दाबून तिथेच बसून राहिला. मी त्याच्या रक्ताच्या नळीचे बूच काढले आणि प्रयोगशाळा पाहायला आलेल्या पाहुण्यांना संशोधनाचे महत्त्व सांगू लागलो. बराच वेळ सांगितले.

"सायेब, बूच काढून एवढं बोलल्यावर सोड्यात तरी काय ऱ्हातंय?" तो म्हणाला. "वायू गेला की उडून. माझ्या रक्ताला कशापायी नावं ठेवताय?"

आणि त्याने निमूटपणे दुसरी बाही वर सारली. या वेळी मोजेपर्यंत मी नळी बंद ठेवली. आकडा उत्तम आला.

"तुमची प्रकृती सुधारली," मी म्हणालो.

"व्हय की, घटकाभरात सुधारली," असे म्हणून तो उठला.

चूक माझी होती, एवढेच मला म्हणायचे होते. पाहुणे समोर होते, म्हणून राहून गेले. नंतर पाहुणे नव्हते, तरीही राहूनच गेले.