दम धर

माझ्या तोंडात दोन शब्द कायमचे बसले होते: दम धर. बायकोला तर दिवसातून दहादा म्हणत असेन. मला स्वतःला मात्र कशाचाच दम निघत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात तिने पिशवी खाली ठेवली. "अहो, दम लागतोय मला." मी पुढे चालत होतो. मागे न बघताच म्हणालो, "दम धर जरा, स्टँड आलंच." वळलो तेव्हा ती एका भाजीवाल्या मावशीच्या पोत्यावर बसून तोंडाने श्वास घेत होती. डोळे पिवळे दिसत होते.

"कावीळ हाय ही," मावशी म्हणाली. "राहू गावाला न्या, तिथं एक आप्पा उतरवत्यात."

डोळे पिवळे म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे चुन्याचं पाणी. आमच्याकडे यात विचार करण्यासारखं काही नसतं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी तिच्या हातांना कसलीशी साल चोळली आणि ते चुन्याच्या पाण्यात धुतले. पाणी पिवळंजर्द झालं. "उतरली बघा," आप्पा म्हणाले. मला किती हायसं वाटलं! येताना तिला उसाचा रस पाजला.

तिसऱ्या दिवशी तिला मोरीपासून खाटेपर्यंत येववेना. लघवी कोऱ्या चहासारखी. तेव्हा कुठे दौंडला दवाखान्यात नेलं.

"ही लिव्हरची कावीळ नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यांचं शरीर स्वतःच्याच रक्तपेशी फोडतंय. रक्त उरलं नाही म्हणून दम लागतोय."

मी पिवळ्या पाण्याचं सांगितलं. "तुमचे हात धुतले असते तरी पाणी पिवळंच झालं असतं," त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रक्त चढवायचं ठरलं, पण ते जुळेना. गट तोच, पण तिचं शरीर दुसऱ्याचं रक्तही फोडू बघत होतं, म्हणून एकही पिशवी जुळेना. त्यातल्या त्यात बरी शोधतोय, वेळ लागेल, असं रक्तपेढीतून सांगितलं. मी खिडकीवर हात आपटून आरडाओरडा केला. भ्यालो की मी ओरडतो. परत तिच्या खाटेपाशी आलो. तिने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"अहो," ती म्हणाली, "दम धरा जरा."

पिशवी येईपर्यंत मी तिथून हललो नाही. आता ती गोळ्या घेते, बाजारालाही येते. मध्येच थांबली की मीही थांबतो आणि आधी तिचे डोळे बघतो.